नुजहतचे थांबे

आर्णीत कोणालेही विचारा, सर्वात बडबडी बाई कोण? डोळे मिटून सांगतील, पिंजाऱ्याची नुजहत. मीही हेच सांगत होती. एकदा नाही, बारा वर्षं सांगत होती. आणि मी काही ऐरीगैरी नाही, सरकारी दवाखान्यातली नर्स. तीस वर्षं लोकायच्या नाड्या पाह्यल्या, सुया टोचल्या, बाळंतपणं केली. सारी आर्णी मले नर्सबाई म्हणते. नाव विमल आहे हे माह्या नवऱ्यालेही, म्हणजे बापूजीले, आठवून सांगा लागते.

तं ही नुजहत. नवऱ्याचं नाव युनूस. त्याईचं गादी-रजईचं दुकान आमच्या गल्लीच्या बुडाशी, नदीच्या अंगाले. युनूस मशीनवर कापूस पिंजे आणि ही खाली चटईवर बसून गाद्याईले टाके मारे. हात असा चाले की पाहणाराचे डोळे दुखावे. दुकानातून बाजारात जायचं तं आमची गल्ली चढून जा लागते. मले त्याले पाच मिनिटं लागतात. नुजहतले लागे पाऊण तास. काहून, तं गप्पा. पहिला मुक्काम लिंबाखाली, मानीबाईच्या भाजीपाशी. दुसरा फुलसिंगच्या पानठेल्यावर. तिसरा मुक्काम चढ संपला की माह्या ओट्यावर, आणि तो सर्वात लंबा. ओट्यावर टेकली की विचारे, "बाई, काल सैपाक काय केलता?" मी सांगायले लागे. भाजीवरून बापूजीवर, बापूजीवरून माह्या सासूवर. सासू मरून सतरा वर्षं झाली, तरी माही गोष्ट काही सरत नाही.

मानीबाईले वाटे नुजहत तिची खास. फुलसिंगले वाटे त्याची. मले तं पक्कं माहीत होतं की ती माही खास आहे, कारण माह्याजवळ ती सर्वात जास्त वेळ बसे. हे मी मानीबाईले दोनदा तोंडावर ऐकवलंही होतं.

नुजहत जन्मली तेव्हा निळी होती. ओठ निळे, नखं निळे. रडली की अजून निळी. दिग्रसचे लोक म्हणत, ही पोट्टी काही राहत नाही. बाप जिद्दीचा, त्यानं पाच वर्षांची पोर खांद्यावर घेतली आणि मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथं तिचं दिलाचं ऑपरेशन झालं. पोरगी निळीची गुलाबी होऊन घरी आली, बापानं गावभर साखर वाटली, आणि विषय संपला. ऑपरेशन झालं म्हणजे झालं, असंच आपल्याकडं समजतात. मुंबईची फाईल तिच्या मायनं एका उशीच्या खोळीत घातली, वरून टाके मारले आणि लग्नात सासरी पाठवली. त्या फाईलीत इंग्रजीत लिहिलं होतं की हिले दरवर्षी दाखवत जा. उशीतलं कोण वाचते!

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगून राह्यली ते वर्ष ऐका. दोन हजार पाच-सहा. कापसाचे ते वाईट वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, आणि ते नको त्या कारणानं. कापसाले भाव नाही, तं लोकायनं काय करावं? घरचा हलका कापूस पिंजाऱ्याच्या दारात आणून टाकला. म्हणे, विकून तरी काय होते, गाद्या भरा. त्या हिवाळ्यात सारी आर्णी जाड गादीवर झोपली. झोप किती जणाईले आली तो प्रश्न वेगळा. आमच्या बापूजीनंही दोन फेरे आणले. आमच्या घरी माणसं दोन आणि गाद्या सात. मी म्हणलं, आता काय आळीपाळीनं झोपता का? तं म्हणे, वावरात पिकलेलं आहे, फेकू काय? बाप्पा, या माणसाशी कोण बोलते!

म्हणून युनूस-नुजहतचं दुकान त्या साली धडधडा चाललं. त्याच्यातच आमच्या दवाखान्यात लहान पोराईच्या दिलाचं शिबिर आलं. नुजहतची आठ वर्षांची पोरगी, कहकशां, तिलेही घेऊन ये म्हणून मीच सांगतलं होतं. मायले होतं, लेकीले तं नाही ना, एवढंच पाहायचं होतं. लेक ठणठणीत निघाली. डॉक्टर नळी गळ्यात टाकून उठणारच होते, तेवढ्यात म्हणाले, "आईचं पण ऐकून घेऊ." तिच्या छातीले नळी लावली आणि ऐकतच राह्यले. डॉक्टर जास्त वेळ ऐकून राह्यला की नर्सले समजून जाते. मी यवतमाळले धाडायचा कागद काढून ठेवला.

उशी उसवून जुनी फाईल काढली, यवतमाळले दिलाचा फोटो काढला, तिथून नागपूरले धाडलं. नागपूरच्या मॅडम मोठ्या हुशार. जन्मापासून ज्याईच्या दिलात खोट आहे आणि जे आता मोठे झाले, अशाच लोकायचं त्या पाहत. मी म्हणलं, असाही डॉक्टर असते का? तं हसून म्हणाल्या, "बाई, ते लहानपणी वाचतात, मग मोठे होतातच ना! त्यांच्याकडे पाहायचं कोणी?" नंतर कळलं, बाई मुकुटबनची. मंग काय, नुजहतनं पहिल्या भेटीत त्याईची मामी वणीत कोणत्या आळीत राहते ते काढून घेतलं.

नुजहतले त्या मोठ्या मशीनीच्या बोगद्यात घातलं, दिलाचं माप काढलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनं आम्हाले समोर बसवलं. आम्ही म्हणजे नुजहत, युनूस आणि मी. त्याईनं सांगतलं ते मले जसं समजलं तसं सांगते. दिलातून फुप्फुसात रक्त जायचा एक रस्ता आहे, तो नुजहतले जन्मतः चिंचोळा होता. मुंबईवाल्याईनं तो कापून रुंद केला, म्हणून पोरगी वाचली. पण रस्त्याच्या तोंडाशी जी झडप असते, ती त्याच्यात कामातून गेली. आता वर गेलेलं रक्त अर्धंनिर्धं परत खाली पडते. उजवा कप्पा तेच तेच रक्त सत्तावीस वर्षांपासून पुन्हा पुन्हा ढकलून राह्यला, आणि ढकलता ढकलता फुगला.

"मग नवीन झडप बसवून टाका," मी म्हणलं. मले घाई फार.

"तेच तर अवघड आहे," मॅडम म्हणाल्या. "कधी बसवायची? नवी झडप जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी झिजते, मग पुन्हा छाती उघडा. म्हणून लवकर घाई करायची नाही. पण उशीर झाला, तर कप्पा मोज्याच्या जुन्या इलॅस्टिकसारखा सैल पडतो. मग झडप कितीही चांगली बसवा, तो परत आकसत नाही. माणूस थकत जातो, दिलाचे ठोके चुकतात, आणि एखाद्या दिवशी..." त्याईनं नुजहतकडं पाह्यलं. नुजहतनं कहकशांचा रुमाल हातात घेतलेला होता, त्याची घडी घालून राह्यली होती.

"मंग माहं कसं आहे?" तिनं विचारलं.

"माप बरोबर काठावर आहे. म्हणून तुम्ही सांगाल त्यावर ठरेल. चालताना दम लागतो का? चढताना थांबावं लागतं?"

"नाही मॅडम. मले काहीच तरास नाही."

आणि मंग मी, तीस वर्षांची नर्स, छाती ठोकून काय बोलली ऐका. मी म्हणलं, "हिले कायचा दम मॅडम? ही सारी आर्णी पायानं हिंडते आणि घरोघरी बडबडते. दम लागणारी बाई एवढं बोलू शकते का?" मॅडमनं ते लिहून घेतलं. माहं बोलणं! कागदावर!

युनूसनंही हात जोडले. सरळ माणूस, पण मशीनीतला. म्हणे, "मॅडम, आमच्या धंद्यात एक कायदा आहे. चालत्या मशीनले पाना लावायचा नाही. नीट चालली मशीन खोलली की तिच्यात काहीतरी बिघडतेच. मी हात पोळून घेतले आहेत."

मॅडमनं मापाचा कागद पुन्हा एकदा पाह्यला. मंग म्हणाल्या, ठीक आहे, तरास नसेल तं वर्षभर थांबून पुन्हा माप घेऊ. फक्त उद्या सकाळी चालण्याची एक परीक्षा करू, म्हणजे कागद पुरा होईल. नुजहत एवढी खुश झाली की बाहेर येऊन तिनं मले आणि युनूसले संत्री घेऊन दिली. म्हणे, "पाहा बाई, आर्णीच्या पाण्यात दम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. परीक्षा म्हणजे काही नाही, दवाखान्यातला एक लांबच लांब व्हरांडा. फरशीवर दोन पट्ट्या मारलेल्या, मधात तीस मीटर. सहा मिनिटं या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत जायचं-यायचं, जेवढ्या जोरात जमेल तेवढं. एक जवान पोरगी हातात घड्याळ घेऊन उभी. तिनं सांगतलं, "ताई, चालताना बोलायचं नाही."

मी बाकड्यावर बसून हसली. म्हणलं, ही तं नापास होते! सहा मिनिटं चूप? नुजहत?

ती निघाली. पदर खोचला आणि झपझप निघाली. गेली, वळली, आली. दुसऱ्यांदा गेली आणि मधातच थांबली. घड्याळवालीले विचारते, "काय वं माय, तुहं गाव कोणतं?"

"ताई, बोलू नका, चाला."

"हाव हाव." पुन्हा निघाली. एक फेरा नीट केला. दुसऱ्यात औषधाच्या खिडकीपाशी थांबली. आत कोणी नव्हतं. तरी आत डोकावून पाहून राह्यली. मले राग आला. म्हणलं, काय वं नुजहत, आपल्याले तीनची गाडी आहे, चाल ना लवकर! ती हसली आणि निघाली. मंग पुन्हा थांबली. या वेळी तिच्यासमोर माणूस नव्हता, खिडकी नव्हती, काहीच नव्हतं. भिंत होती. भिंतीवर एक आग विझवायची लाल टाकी टांगलेली. नुजहत त्या टाकीकडं पाहून म्हणे, "बाई, हे काय असते वं?"

मी तोंड उघडलं सांगायले. आणि माहं तोंड उघडंच राह्यलं.

कारण ती माह्याकडं पाहत नव्हती. तिले त्या टाकीचं काही घेणंदेणं नव्हतं. एक हात भिंतीले लावलेला, मान उलशीक खाली, आणि गळ्याजवळची खळगी आत-बाहेर, आत-बाहेर. प्रश्न विचारून ती उत्तराची वाट पाहून राह्यली नव्हती. श्वासाची पाहून राह्यली होती. मी बोलावं, लांबलचक बोलावं, आणि तेवढ्या वेळात तिनं दम खावा.

मी बाकड्यावरून उठली. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत ती किती चालली, ते पावलांनी मोजलं. शंभर-सव्वाशेच्या आतबाहेर. दुकानापासून मानीबाईचा लिंब किती पावलं? मानीबाईपासून फुलसिंगचा ठेला? फुलसिंगपासून चढ चढून माहा ओटा? अव माय! मले त्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सारी गल्ली दिसली. बारा वर्षं ही बाई दर शंभर-सव्वाशे पावलांवर थांबत होती, आणि आम्ही गाढवं म्हणत होतो की बडबडी आहे. "काल सैपाक काय केलता" म्हणून ती चूप बसे, आणि माह्या सासूची गोष्ट सांगून होईपर्यंत तिचा श्वास जागेवर येई. म्हणजे आर्णीतली बडबडी बाई कोण होती? मी होती!

मले रडू आलं. रडू आलं की मले राग येते, तो माहा स्वभाव आहे. मी तशीच मॅडमच्या खोलीत शिरली, न विचारता. म्हणलं, "मॅडम, काल मी जे सांगतलं ते खोडा. साफ खोटं आहे ते. हिले दम लागते. जन्मापासून लागते. तिले माहीत नाही आणि मले दिसलं नाही."

मॅडमनं सारं ऐकून घेतलं, ओट्यासकट. मंग कपाळावर हात मारून हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "बाई, असं फार होतं. जन्मापासून तेवढाच दम असला, तर तो कमी आहे हे कळणार कसं? आणि घरचे लोक तिच्या चालीनं चालायला शिकून जातात." मंग अजून एक तपासणी झाली, सायकल मारत तोंडाले नळी लावून. तिच्यातही तेच निघालं. मॅडमनं वर्षभर थांबायचा कागद फाडला. म्हणाल्या, "आता थांबायचं नाही. आत्ता बसवली तर कप्पा परत येईल. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही."

आता तुम्हाले वाटेल नुजहत घाबरली असेल. घाबरली नाही, चिडली. माह्यावरच! गाडीत माह्याशी बोलेना. यवतमाळ आलं तरी बोलेना. शेवटी मीच म्हणलं, काय झालं वं बाई? तं डोळ्यात पाणी आणून म्हणते, "म्हणजे मी काय दम खायले बसत होती का तुमच्याजवळ? मानीबाईले काय वाटेल? मी जीव लावून बसत होती, बाई." मी तिचा हात हातात घेतला. नखं पाह्यली, सवय आहे. गुलाबी होती.

युनूस मात्र अडून बसला. आठ दिवस त्याचं एकच, चालत्या मशीनले पाना लावायचा नाही. आतून त्याले भेव होतं. बायको टेबलावरून उठली नाही तं, हे भेव, आणि ते तो बोलत नव्हता, कायदा सांगत होता. मी एक दिवस त्याच्या दुकानात जाऊन कापसाच्या ढिगावर बसली. म्हणलं, "युनूसभाऊ, मशीनीचा पट्टा तू कधी बदलवतो?"

"दसऱ्याच्या आधी, ताई. सीझन लागायच्या आधी."

"तुटल्यावर काहून नाही बदलवत?"

"तुटल्यावर? ऐन थंडीत तुटला तं मोटर घेऊन जाते, रोलर घेऊन जाते! पट्टा चालू असतानाच पाहा लागते. कडेनं धागे निघाले की बदलवायचा. लवकर बदलवला तं पट्टा फुकट, उशीर केला तं मशीन..." आणि बोलता बोलता तो थांबला. हातातला पाना खाली ठेवला. खूप वेळ नुजहतकडं पाहत राह्यला. ती पलीकडं चटईवर गादीले टाके मारून राह्यली होती, मान खाली घालून, ऐकून न ऐकल्यासारखं.

"सुनो," तो तिले म्हणे, "सीझन खतम होने दो. होली के बाद चलते हैं."

"पहले ये गादी तो होने दो," ती म्हणे.

पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही, जमलं. होळी झाली आणि आम्ही नागपूरले गेलो. ऑपरेशन सहा तास चाललं. युनूस बाहेर तस्बीहचे मणी ओढून राह्यला होता, मी देवाचं नाव घेऊन राह्यली होती, आणि बापूजी दोघाईले दर अर्ध्या तासानं चहा आणून देत होते. मी आयुष्यात एवढा चहा प्याली नाही. तिथल्या नर्सेसवर मी दोनदा ओरडली, तं त्या म्हणाल्या, आजी, बाहेर बसा. आजी! माह्या रिटायरमेंटले अजून एक वर्ष होतं. पण झडप नीट बसली. मॅडम बाहेर आल्या, तोंडावरचं फडकं काढलं आणि मुकुटबनच्या बोलीत म्हणाल्या, "जमलं बाई, आता नका रडू." माहा जीव भांड्यात पडला. युनूस तिथंच फरशीवर बसला आणि लेकरासारखा रडला.

झडप कायची होती, हे गल्लीले सांगा लागलं, कारण मानीबाईनं लोकायत उठवलं होतं की नुजहतले कोण्या मेलेल्या बाईचं दिल बसवलं. मी सांगतलं, दिल तिचंच आहे, झडप बैलाच्या दिलावरच्या पडद्यापासून बनवलेली. नुजहत खाटेवर पडल्या पडल्या म्हणे, "बापूजीले सांगा, यंदा पोळ्याले माह्याही गळ्यात घुंगरू बांधा." हसताना टाके दुखत, तरी हसे.

तीन महिने ती घरातच होती. मॅडमनं पुन्हा माप घेतलं, कप्पा आकसायले लागला होता. रोज उलसं उलसं चालायचं सांगतलं होतं, ते ती आपल्या दुकानामागं नदीच्या बाजूनं चाले. गल्लीत आली नव्हती. शाळा उघडायचा दिवस आला. मले कहकशांनं आदल्या दिवशी सांगतलं, "उद्या अम्मी सोडायले येणार." शाळा गल्लीच्या वर, बाजाराच्या अंगाले. मी सकाळी उठून ओटा सारवला, चहा टाकला, दोन कप काढले. तीन महिन्यांच्या गोष्टी साचल्या होत्या.

ती आली. लेकीचा हात धरून आली. लिंबाखाली थांबली नाही. "काय मानीबाई, बरी आहे ना?" असं चालता चालताच. फुलसिंगले हात केला. चढाले लागली. मी पाहून राह्यली, श्वास रोखून माहाच. बाप्पा, काय चालत होती! लेकीसोबत बोलत होती आणि चढत होती, दोन्ही एका वेळी. माह्या ओट्यापाशी आली, "बाई, उशीर झाला, घंटा होते!" म्हणाली, आणि गेली. निघून गेली.

मले हसू यायले पाहिजे होतं. मी नर्स. याच्यासाठीच तं केलं होतं सारं. पण खरं सांगते, मले लागलं. आतमधी लागलं. मानीबाई डोक्यावर पदर घेत तरातरा वर आली, फुलसिंगही ठेला सोडून आला. मानीबाई म्हणे, "नर्सबाई, नुजहत रुसली का? झडप बसवली का घमेंड बसवली?" मी दोघाईवर ओरडली, "चालते ती आता! तुमचे दुकानं म्हणजे काय एस्टी स्टँड आहे का, थांबायले?" ते गेले. मी दोन कप घेऊन बसली. चहावर साय आली. मले कळलं होतं ना ते सारं त्या व्हरांड्यातच, तरी आता पुन्हा कळलं. माह्याजवळ ती सर्वात जास्त वेळ बसे, कारण माहं घर चढाच्या डोक्यावर आहे. बस. घर खाली असतं तं मी कोण, ती कोण. बारा वर्षं मी उगाच मानीबाईसमोर तोरा मिरवला.

मी कप उचलले आणि आत जायले उठली.

तेवढ्यात वरून नुजहत आली. लेकीले सोडून परत, एकटी. उताराले लागायच्या आधी ती माह्या ओट्याकडं वळली, चपला काढल्या आणि मांडी घालून बसली. गळ्याकडं पाह्यलं मी. खळगी शांत होती. वरून आली होती, खाली जायचं होतं. उतारावर कोणाले दम लागत नाही. माह्या मनात काय चाललं होतं ते तिले दिसलं असेल, कारण ती माह्या हातातले कप काढून घेत म्हणाली, "बाई, वर जाताना घंटा होत होती. आता घंटा नाही, काही नाही. आता मी बसायले आली."

मी तोंड फिरवलं. म्हणलं, चहा गार झाला, थांब, दुसरा टाकते.

"राहू द्या. बाई, काल सैपाक काय केलता?"

मी घसा साफ केला. म्हणलं, "काल वांग्याची..." आणि तेवढ्यात नुजहतनं सुरू केलं. तिनं काल काय केलतं, युनूसनं मीठ जास्त म्हणून काय तोंड केलं, दिग्रसच्या बहिणीनं काय निरोप धाडला, मॅडमच्या मामीच्या पोरीचं लग्न वणीत कसं मोडलं आणि मंग कसं जमलं. मधात श्वास घेईना, थांबेना, मले वांग्यावर येऊ देईना. ऊन ओट्यावर चढलं, माहा दवाखान्याचा टाइम होऊन गेला, तरी तिचं चालूच. दोन तासांत तिनं मले एक शब्द बोलू देला नाही.